पाणी सोडलंय

त्या ओढ्याचं नाव मी सांगणार नाही. आधीच तिथली गर्दी वाढलीय, आणि एकदा तर पार्किंगवरून मी एका भल्या गृहस्थाशी कडाकडा भांडलेय. एवढंच सांगते, की तो पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात आहे, हर्नडनच्या आमच्या घरापासून अडीच तासांवर. एरवी गेलात तर नुसते गोटे दिसतील आणि मधे मधे घोटाभर डबकी. पण वरच्या अंगाला धरण आहे, आणि वर्षातून चार दिवस, दोन एप्रिलमध्ये नि दोन ऑक्टोबरमध्ये, धरणवाले खाली पाणी सोडतात. त्या चार दिवसांपुरता तो ओढा होडी घालण्याजोगा होतो. तीही नवशिक्यांची. बुडून मरावं एवढं पाणी नाही. पडलंच तर माणूस गारठतो आणि चारचौघांत शोभा होते.

माझं लहानपण पाटबंधारे खात्याच्या कॉलनीत गेलं. वडील कालव्यावर नोकरीला होते. उन्हाळ्यात पाटाला पाणी सुटायचं तो दिवस आमच्याकडे सणासारखा. बायका आठवडाभर आधीपासून एकमेकींना विचारायच्या, "कधी सोडतायत हो पाणी?" त्यामुळे इथलं हे 'रिलीज' प्रकरण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच फुटलं. म्हटलं, घ्या! सातासमुद्रापार आले, तरी पाण्याची पाळी काही चुकली नाही. आमच्या घरात 'रिलीज' हा शब्द कधी रुजलाच नाही. आम्ही आपले "या शनिवारी पाणी सोडतायत" असंच म्हणायचो. मी म्हणायचे, नवरा म्हणायचा, आणि आमची मुलगीही म्हणायची. तिच्या मोजक्या मराठी वाक्यांतलं ते एक, आणि उच्चार अगदी स्वच्छ.

मुलगी इथेच जन्मली. एकुलती एक. तिला मराठी सगळं कळतं असा आमचा समज होता. कळतं, पण शब्दाला शब्द. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होते. ती आठ वर्षांची असताना मी मैत्रिणीला फोनवर सांगत होते, की लॅबमधली एक बाई मला अगदी पाण्यात बघते. फोन ठेवते तर ही समोर उभी. "विच वॉटर, आई?" म्हणे. लेकमध्ये, की टबमध्ये? आम्ही दोघं हसून हसून लोळलो, आणि पुढे कित्येक वर्षं आल्यागेल्याला ती गोष्ट सांगून तिला लाज आणली. तेव्हा हसण्यापेक्षा जरा विचार केला असता तर बरं झालं असतं.

ती चौदा वर्षांची असताना होडीचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं. शाळेच्या कॅम्पमध्ये शिकून आली आणि भुणभुण सुरू केली. नवरा पाण्याला असा भितो, की शॉवरखालीसुद्धा डोळे मिटत नाही. त्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडलं. मी तरी कुठे मोठी पट्टीची पोहणारी! कालव्याकाठी वाढले खरी, पण कालव्यात पाय घातला असता तर वडिलांनी तंगडं मोडून हातात दिलं असतं. तरी गेले. वयाच्या पन्नाशीला, केशरी लाइफ जॅकेट घालून, भोपळ्यासारखी दिसत, मी जन्मात पहिल्यांदा होडीत बसले. शेजाऱ्यांनी घर बदलताना आम्हाला देऊन टाकलेली हिरवी, दोन माणसांची होडी होती ती.

मग आमची पद्धतच ठरून गेली. धरणाचे दरवाजे सकाळी लवकर उघडत, पण पाणी खालच्या पुलापर्यंत पोचायला नऊ वाजत. आम्ही साडेआठलाच पुलाखाली गोट्यांवर होडी ठेवून तिखटमिठाच्या पुऱ्या खात बसायचो. आम्हाला पुलाशी सोडायचं आणि पाच मैल खाली कॅम्पग्राउंडवर जाऊन परत उचलायचं, हे नवऱ्याचं काम. आधी आवाज यायचा, लांब कुणीतरी तांदूळ पाखडतंय तसा. मग कोरड्या दगडांमधून एक बारीक धार यायची, पुढे पानं, काटक्या नि फेस ढकलत. यायची, थांबायची, वळायची, पुन्हा यायची. आणि पाहता पाहता गोटे गडप, सगळीकडे पाणीच पाणी! मुलगी पुलाखाली घुमेल असं ओरडायची, "आई, पाणी सोडलं!" आणि आम्ही दोघी धडपडत होडीत.

दोघांच्या होडीत मागचा होडी वळवतो आणि पुढचा दगड बघून ओरडतो. पहिली दोन वर्षं मी मागे होते. मग तिने मला पुढे बसवलं. "तू ओरडायला जास्त चांगली आहेस," असं इंग्रजीत म्हणाली. ते काही खोटं नव्हतं. "डावीकडे! अगं डावीकडे! आता उजवीकडे घे, उजवीकडे!" असा माझा पट्टा सुरू असायचा. आणि गंमत म्हणजे ती ऐकायची. घरात माझा एक शब्द खाली पडू न देता उलट उत्तर करणारी पोरगी, होडीत मी डावीकडे म्हटलं की डोळे झाकून डावीकडे. एकदा घाईत मी डावं-उजवं उलटं सांगितलं, तर सरळ दगडावर गेली आणि दोघी पाण्यात. काठावरचे लोक टाळ्या वाजवत होते, मेले.

मधे एक लांब संथ पट्टा आहे. दोन्ही काठांवरची झाडं वर एकमेकांना टेकलेली, ऑक्टोबरात त्यांची लालपिवळी पानं पाण्यावर पडून आपल्याबरोबर चाललेली, आणि एखादा खंड्या पुढे पुढे उडत वाट दाखवल्यासारखा. तिथे ओरडायचं काम नसे. वल्ही मांडीवर आडवी ठेवून नुसतं वाहत जायचं. तिथे ती बोलायची. शाळेतली भांडणं, मैत्रिणींचे रुसवे, पहिला मुलगा, दुसरा मुलगा, सगळं. होडीत पुढच्याला मागच्याचा चेहरा दिसत नाही, म्हणून असेल. माझ्या पाठीला तिने जेवढं सांगितलं तेवढं माझ्या तोंडावर कधी सांगितलं नाही. मीही पाठ ताठ ठेवून हूं हूं करत राहायचे, कारण मधे बोललं की ती गप्प होते हे मला कळून चुकलं होतं. माझ्यासारखीला गप्प बसणं काय असतं ते माझं मला ठाऊक.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमध्ये, त्याच संथ पट्ट्यात, तिने माझ्या पाठीला सांगितलं, की फार्मसीचं शेवटचं वर्ष तिने सोडलंय. सोडून सहा महिने झालेत. ओहायोत ती इलेक्ट्रिशियनचं काम शिकतेय, आणि तिला ते मनापासून आवडतंय.

मी मागे वळले नाही. पुढे दोन मैल एक अक्षर बोलले नाही. डावीकडे नाही की उजवीकडे नाही. होडी एकेका दगडावर खरडत, आपटत गेली. कॅम्पग्राउंडवर नवरा हातात चहाचा थर्मास घेऊन हसत उभा होता. त्याच्यासमोर माझा बांध फुटला.

"इतकी वर्षं शिकून शेवटी वायरमन?" मी म्हणाले. आम्ही कशासाठी इथे आलो, रात्रपाळ्या कशासाठी केल्या, लोकांना काय सांगू, असं बरंच काय काय बोलले. सगळं आता आठवतही नाही. शेवटचं तेवढं आठवतं. "वाया गेलीस," मी म्हणाले. "वाया गेलीस तू."

आता आपल्याकडची कुठलीही आई हे दिवसातून तीनदा म्हणते. भात उरला, वाया गेला. दूध नासलं, वाया गेलं. पोरगं उशिरा उठलं, वाया गेलं. कुणी ते मनावर घेत नाही. पण आमच्या लेकीने ओले हात पॅंटला पुसले, फोन काढला आणि त्यात ते शब्द घातले. मग तो फोन माझ्यासमोर धरला. स्क्रीनवर 'वेस्टेड' असं काहीतरी लिहिलेलं होतं. "तू हेच म्हणालीस?" तिने विचारलं. अगदी शांतपणे.

तिथे मला एक संधी होती. "अगं नाही गं वेडे, तसं नसतं ते," एवढं म्हटलं असतं तर तिथल्या तिथे मिटलं असतं. पण माझी जीभ! उचलली आणि लावली टाळ्याला. "हो," मी म्हणाले, "तेच."

त्यानंतर भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं. आदळआपट केली असती, दार आपटलं असतं, तर मला सवय आहे. ती फक्त सभ्य झाली. दर रविवारी फोन. जेवलीस का, हो. थंडी आहे का, हो. काम कसं आहे, गुड. थँक्सगिव्हिंगला एक दिवस आली ती फुलं घेऊन, पाहुणीसारखी. सकाळी उठून मला विचारलं, "फ्रिज उघडू का?" ज्या फ्रिजवर तिच्या उंचीच्या खुणा आहेत तो फ्रिज! मी हो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

पाणी सोडायच्या तारखा आल्या की मी तिला मेसेज करायचे. "सॉरी, वर्क," असं उत्तर यायचं. गेल्या एप्रिलमध्ये तसं उत्तर आलं तरी मी हट्टाने गेले. नवऱ्याने होडी गाडीवर बांधली, कारण माझ्यापुढे त्याचं काही चालत नाही. नऊ वाजता पाणी आलं, अगदी तसंच, पानं ढकलत. आजूबाजूचे लोक आरडाओरडा करत होड्यांत बसून निघून गेले. आम्ही दोघं पुलाच्या कठड्याला टेकून उभे. बऱ्याच वेळाने नवरा म्हणाला, "मी बसू का तुझ्याबरोबर?" शॉवरला भिणारा माणूस! मला त्याची इतकी माया आली, की रडू आवरायला मी त्याच्यावरच डाफरले. म्हटलं, "नको, तुम्ही बुडाल आणि मला निस्तरावं लागेल." मला तीच हवी होती. माझ्या पाठीमागे तिचं वल्हं पाण्यात पडल्याचा आवाज हवा होता. बाकी कुणी नको होतं. होडी न उतरवताच आम्ही घरी आलो.

या वर्षी उन्हाळा कोरडा गेला. ऑक्टोबरच्या आधी धरणवाल्यांनी जाहीर केलं, की तलावात पुरेसं पाणी नाही, दोन्ही दिवस रद्द. मी ते वाचलं आणि माझ्यातली होती नव्हती ती आशा संपली. ठरवून टाकलं, होडी द्यायची. इथल्या मराठी मंडळातलं एक तरुण जोडपं होडी शोधत होतं. ते, एरवी पाणी सुटलं असतं नेमक्या त्याच शनिवारी, सकाळी दहाला न्यायला येणार होते. नवरा म्हणाला, "अगं, तिला सांग तरी. तिचीही आहे ती." म्हणून गुरुवारी मी तिला व्हॉइस मेसेज ठेवला. उत्तरादाखल एक अंगठा आला. म्हटलं, झालं. हिला तरी कुठे काय पडलंय!

शनिवारी सकाळी आम्ही गॅरेजमधून होडी काढून अंगणात धुतली. कोळ्यांची जाळी काढली. नऊ वाजून गेले आणि माझा फोन वाजला. लेक.

"आई, कुठे आहात तुम्ही?" तिने इंग्रजीत विचारलं.

"घरी. अजून कुठे असणार?"

"घरी? मी पुलावर आले. म्हणजे आता वरच्या गॅस स्टेशनवर, तिथे खाली सिग्नल नाहीये. आई, पाणी कुठे आहे?"

मला काही सुधरेना. कुठला पूल, कसलं पाणी! ओहायोहून तो पूल चार तासांवर. म्हणजे ही पाचच्या आत निघालेली. "तू तिथे काय करतेस?" मी ओरडले. फोनवर मी ओरडतेच, त्यात नवीन काही नाही, पण तिला काय वाटलं कोण जाणे. "थांब तिथेच! हलू नकोस! आम्ही निघालो," मी म्हणाले. तोवर फोन कट झाला होता. यातलं तिला किती ऐकू गेलं, देव जाणे. पुन्हा लावला तर लागेना.

नवऱ्याने एक प्रश्न न विचारता होडी गाडीवर चढवली. मी म्हटलं, "अहो, ओढ्यात टिपूस नाही, होडी कशाला?" तो म्हणाला, "असू दे." जोडप्याला मी मेसेज केला, की येऊ नका, होडी गेली. पायात घरातल्या सपाता होत्या, त्या तशाच घालून गाडीत बसले.

पाऊण तास मी बडबडत होते. तिला कुणी सांगितलं पुलावर जायला? तुम्ही सांगितलंत का? तिचं डोकं ठिकाणावर आहे ना? नवरा म्हणाला, "तू मेसेजमध्ये नक्की काय म्हणालीस?" मी म्हटलं, "काय म्हणणार, होडी देतेय म्हटलं." तो म्हणाला, "लाव बघू." मी लावला. गाडीच्या स्पीकरवर माझा आवाज गडगडला:

"बाळा, आई बोलतेय. जेवलीस का? हं. ते आपल्या होडीचं म्हणत होते. मी आता पाणी सोडलंय गं. शनिवारी सकाळी होडी बाहेर काढतेय. बाबा म्हणाले तुला कळवावं, म्हणून कळवलं. थंडी पडलीय, जाड जॅकेट घाल."

 मग नवरा हसायला लागला. हसता हसता त्याने गाडी कडेला घेतली. "अगं, 'देतेय' हा शब्द कुठाय यात?" तो म्हणाला. "पाणी सोडलं म्हणालीस, होडी काढते म्हणालीस, शनिवार सांगितलास. वर जाड जॅकेटसुद्धा घालायला सांगितलंस! ती येणार नाही तर काय करेल?"

मला हसू आलं नाही.  मी म्हटलं होतं, की मी आशा सोडली. ती तेवढं ऐकून अंधारात उठून चार तास गाडी चालवत आली होती. आणि तिथे पोचून तिने काय पाहिलं? गोटे. न आलेली आई. फोनवर ओरडणारी आई. "चालवा," मी नवऱ्याला म्हटलं. "ती निघून जाईल. हसत काय बसलायत, चालवा!" पुढचा दीड तास मी दर पाच मिनिटांनी फोन लावत होते, आणि दर वेळी तिचा तो रेकॉर्ड केलेला आवाज, प्लीज लीव्ह अ मेसेज. मेसेज ठेवायची माझी हिंमत होईना. माझ्या मेसेजांनी आधीच पुरे केलं होतं.

पुलाशी पोचलो तेव्हा बारा वाजले होते. एकच गाडी उभी होती. तिची. मी कठड्यावरून वाकून पाहिलं तर ती खाली ओढ्याच्या मधोमध एका दगडावर बसली होती. पायात कामाचे जड बूट, केस कापून आखूड केलेले, आणि अंगात जाड जॅकेट.

नवरा खाली आला, तिला जवळ घेतलं, डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, "मी जरा पाय मोकळे करून येतो." मग ज्या दिशेला बघण्यासारखं काहीही नाही त्या दिशेला निघून गेला. शहाणा आहे तो, मी त्याला सांगत नाही एवढंच.

आम्ही दोघी ओढ्याच्या तळातून चालायला लागलो. एरवी ज्याच्यावरून वाहत जायचो, त्यातून आज पायी. सपातांमुळे मला नीट चालता येईना, तर तिने न बोलता माझा दंड धरला. तिचा हात खरबरीत झाला होता, आणि बोटांच्या टोकांना बारीक भाजल्याचे डाग. दगडांवर होड्यांचे रंग लागले होते, लाल, निळे, पिवळे ओरखडे. पाण्याखाली ते कधी दिसलेच नव्हते.

"आई," ती म्हणाली, "मग पाणी का सोडलं म्हणालीस?"

मी तिला समजावून सांगितलं. अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. पूर्वी कुणाला काही दान द्यायचं तर आधी हातावर पाणी घेऊन सोडायचे. पाणी सोडलं की ती वस्तू आपली राहिली नाही, तिची आशाही धरायची नाही. "म्हणून म्हणतात पाणी सोडलं. म्हणजे गिव्ह अप."

"होडी गिव्ह अप केलीस?"

तेव्हा खोटं बोलता आलं असतं. "होडी," मी म्हणाले. "आणि तू येशील ते."

ती थांबली. माझा दंड सोडला नाही, पण पुढेही जाईना. मला वाटलं, पुन्हा घाण केली मी. घाईघाईने विषय बदलायला म्हणून म्हटलं, "पण तू तरी कशी गं! निघण्याआधी वेबसाइट बघायची नाही का? दोन आठवडे आधीच रद्द झाल्याचं टाकलंय तिथे."

"बघितली," ती म्हणाली.

"बघितलीस?"

"गुरुवारीच. कॅन्सल्ड लिहिलं होतं."

"मग? तरी आलीस?"

ती माझ्याकडे न बघता मराठीत बोलायला लागली. हळूहळू, एकेक शब्द शोधत. मी मधे बोलले नाही. "तू म्हणालीस ना पाणी सोडलं. मला वाटलं, वेबसाइट चूक असेल." मग म्हणाली, "तू बोलतेस ते मला खरं वाटतं, आई. सगळंच."

सगळंच. मला कळलं ती काय म्हणतेय. दोन वर्षं ती काय उराशी धरून बसली होती, ते मला त्या एका शब्दाने कळलं. आणि ते तिला फोनने सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं होतं. हो, तेच, असं म्हणून सांगितलं होतं.

 मी मिळेल त्या दगडावर बसले. अडतीस वर्षं या देशात राहून मी दुकानात, लिफ्टमध्ये, धक्का न लागताही अनोळखी माणसांना सॉरी म्हणत आलेय. तेच तोंडाला आलं. "आय ॲम सॉरी," मी म्हणाले. "आय वॉज राँग. व्हॉट आय सेड दॅट डे, इट वॉज नॉट ट्रू." इंग्रजीत म्हटलं, म्हणजे तिला नीट कळावं, पुन्हा काही भलतंच होऊ नये.

ती माझ्यासमोर उकिडवी बसली. डोळे भरले होते, पण नजर काढली नाही.

"मराठीत सांग," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. दिवसभर वळवळणारी माझी जीभ, तिला दोन शब्द उचलवेनात. पोटच्या पोरीला मी ते जन्मात कधी म्हटलं नव्हतं. ती थांबून राहिली.

"माझं चुकलं, बाळा," मी म्हणाले.